पहिली फुली

कापसाच्या मळ्यातून पळून आलेली केझायामावशी आधी गुलामगिरीविरुद्ध गावोगाव बोलली, आणि गुलामगिरी संपल्यावर बायकांच्या मताच्या हक्कासाठी दारोदार सह्या गोळा करू लागली. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. अर्ज लिहिला होता लॅव्हिनियानं, वीस वर्षं तिच्याबरोबर सभा गाजवणाऱ्या गोऱ्या मैत्रिणीनं. वाचूनही तिनंच दाखवला, आणि सहीच्या जागी पहिली फुली केझायाकडून करून घेतली.

आज डॉर्कस धोबिणीनं ओले हात पुसून तो कागद घेतला. ती नुकतीच चर्चच्या शाळेत वाचायला शिकली होती. एकेका शब्दावर बोट ठेवत तिनं तो दोनदा वाचला.

"मावशी, यात काय लिहिलंय ठाऊक आहे ना तुला?"

"सगळ्या बायकांना मत द्या. तोंडपाठ आहे मला. कर सही."

"सगळ्या नाही गं. लिहिता-वाचता येणाऱ्याच. फुली करणाऱ्यांना मत नको, असं वेगळं लिहिलंय खाली."

केझायानं कागद परत घेतला आणि आपल्या फुलीवर बोट ठेवलं.

"तरीच," ती म्हणाली. "वाचताना लॅव्हिनिया कागदाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, माया आहे."