वायर धरायला माणूस

राघोच्या नातीचा, ऋतिकाचा साखरपुडा झाला ते दोन हजार तेवीस साल. अनंत चतुर्दशी होऊन गेली होती, पाऊस थोडा थांबला होता आणि खडवलीच्या घरापुढचं गवत राघोच्या गुडघ्याला लागत होतं.

रविवार होता. जेवायच्या वेळेपर्यंत मुलगा महेंद्र कोपरीहून येणार होता. गणपतीत येऊन गेला तेव्हा गवत बघूनच तो बापावर भडकला होता. एखादं जनावर घरात शिरलं तर आयला उचलून बाहेर कोण काढणार, असं विचारून गेला होता. पुढच्या खेपेला गवत असंच दिसलं तर दोघांना गाडीत घालून फ्लॅटवर नेतो, म्हणाला होता. सगुणाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. माघात तिची उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं. पण घर सोडायचं नाही, एवढं तिला अजून सांगता येत होतं.

राघोने तिला खुर्चीसकट ओटीवर आणून बसवलं. गवतावरचं दव वाळेपर्यंत थांबला. गवत कापायचं विजेचं मशीन ओल्यात चालवत नाहीत. मग गमबूट घालून सगळ्या अंगणात वाकून फिरला. दगड, करवंट्या, गणपतीत उडवलेल्या फटाक्यांच्या नळ्या वेचून कुंपणाशी टाकल्या.

वायर धरायला माणूस नव्हतं. आधी सगुणा धरायची. तो मशीन ढकलायचा, ती वायर खांद्यावर घेऊन मागून चालायची, पात्याखाली येऊ द्यायची नाही आणि चालता चालता त्याच्या चुका काढायची. शेजारच्या दोन्ही बंगल्यांना कुलुपं होती. तिथला रखवालदार पंढरी आला असता, पण तो नोकरी सोडून गावाला गेला होता. हाक मारावी असं तिसरं घर जवळ नव्हतं.

त्याने वायर स्वतःच्याच खांद्यावर टाकली. ओटीच्या पायरीपासून सुरुवात केली आणि तिथून लांब लांब कापत गेला, म्हणजे वायर कापलेल्या बाजूला राहील. पातं वर चढवून घेतलं होतं, तरी मशीन दमत होतं. तोही दमत होता. वळताना दर वेळी ओटीकडे बघायचा आणि सवयीने काहीतरी बोलायचा. इथं आपलं खाचर होतं गो, इथं तू विंचू मारलेलास. मशीनच्या आवाजात उत्तर ऐकू येत नाही, असं मनाशी म्हणायचा आणि पुढे जायचा.

अर्ध्याहून जास्त झालं आणि मशीन अडखळायला लागलं. बुडातलं गवत अजून ओलं होतं, त्याचा गुंता पात्याला बसला होता.

राघोने मशीन बंद केलं, ओटीवर आला, प्लग काढला. काढलेला प्लग खाली टाकायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. मशीन आणलं तेव्हाच सगुणाने ती घालून दिली होती. प्लग तिच्या हातात आल्याशिवाय त्याने पात्याला हात लावायचा नाही, आणि त्याचे दोन्ही हात बघितल्याशिवाय तिने तो सोडायचा नाही. त्याने प्लग तिच्या डाव्या मुठीत दिला, तिची बोटं एकेक करून मिटवली. परत जाऊन न कापलेल्या गवताच्या आड मशीन आडवं केलं आणि खाली बसून, पार ओणवं होऊन काठीने गुंता उकरू लागला. काठीने निघेना तेव्हा हात घातला.

महेंद्रची गाडी तेवढ्यात आली. त्याला बाप दिसला नाही. ओटीवर एकटी बसलेली आई दिसली आणि तिच्या मुठीत विजेची वायर.

तो धावतच पायऱ्या चढला. "आये, सोड. शॉक लागेल तुला."

तिने सोडली नाही. तो बोटं उघडायला लागला तशी तिने मूठ पोटाशी ओढली. त्याने अंगणाकडे तोंड करून बापाला विचारलं, हिच्या हातात हे कोणी दिलं, हिला आता काही कळतं का.

"ओढू नको रे," गवतातून राघोचा आवाज आला. "तिला कळतंय."

"हात," सगुणा म्हणाली.

त्या दिवसातला तिचा तो पहिला शब्द. महेंद्र दोन पायऱ्या उतरला. तिथून त्याला आडवं पडलेलं मशीन दिसलं आणि त्यात कोपरापर्यंत गेलेला बापाचा हात. तो तिथेच थांबला.

राघोने शेवटचा गुंता ओढून काढला. गुडघ्यावर जोर देऊन उठला आणि दोन्ही हात वर केले. पंजे हिरवेगार झाले होते. सगुणाने एक हात बघितला, मग दुसरा बघितला. मग तिची मूठ सैल झाली.

महेंद्रने प्लग घेतला. भिंतीपर्यंत नेला आणि वळून आईला विचारलं, "लावू?"

तिने मान हलवली. प्लग लावून तो खाली उतरला, वायर खांद्यावर घेतली आणि कुंपणापर्यंत बापाच्या मागे चालत राहिला. जेवताना कोपरीचं नाव निघालं नाही.

सगुणा आता कोपरीलाच असते, सातव्या मजल्यावर. राघो त्याच वर्षी, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, झोपेत गेला.