बुंध्याची खूण

“बुंधा खाली, शेंडा वर. रानात उभं व्हतं, तसंच घरात उभं करायचं,” ऐनाचं झाड तोडताना महिपती बायकोला, झुंबरबाईला म्हणाला होता. “खांब उभा राहिला की पयला घास तुला,” असं झाडालाही दोघांनी हात जोडून कबूल केलं. धरणात गाव बुडालेलं. डोंगरावर नवं घर उभं राहायच्या आत तापानं महिपती गेला. झुंबरबाई रडलीसुद्धा नाही. सोमवारी भावकीनं त्याच ऐनाचा मधला खांब रोवला. महिपतीनं बुंध्याकडं घातलेली कुऱ्हाडीची खूण तिला वरच्या टोकाला दिसली. “उलटा हाय. काढा.” “वैनी, लाकडाला डोकं-पाय असत्यात व्हय?” दीर हसला. “असत्यात.” सगळ्यांनी खांब उपटून सुलटा रोवला. संध्याकाळी दगडांच्या चुलीवर भात शिजला. “उपास सोड, पोरी,” सासू म्हणाली. झुंबरबाईनं पळसाच्या पानावर पहिला घास ठेवला आणि रानातल्या त्या तोडलेल्या ऐनाच्या बुडख्याची वाट धरली.