घंटेला लावलेला हात

“त्या शहरातल्या मनोऱ्यावर एक घंटा आहे बरं का, भर उन्हाळ्यातही हाताला गारेगार लागते,” असं बाबा त्याला लहानपणी थोपटत सांगायचे. बाबांनी तिथं अकरा वर्षं नोकरी केली होती. त्याच ओढीनं पुढे तोही त्या जुन्या शहरात गेला, आणि हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करता करता सहा वर्षं कुठं विरली, ते त्याला कळलंही नाही. मनोरा तो एकदाही चढला नाही. फोनवर मात्र दर रविवारी सांगायचा, “आत्ताच घंटेला हात लावून आलो, बाबा!”

यंदा बाबा हट्टानं आले. धापा टाकत दोघं मनोऱ्यावर पोचले, तर वर नुसता वारा आणि चार कबुतरं. घंटा टांगायला साधा आकडाही नव्हता. त्याला लाजसुद्धा वाटेना, आतून सगळं बधिर झालं होतं.

“काढून नेली वाटतं. परवापर्यंत होती,” तो पुटपुटला.

बाबांनी त्याचा इस्त्रीनं पोळलेला हात हातात घेतला.

 

“घंटेची गोष्ट मीच रचली होती रे, राजा. मीसुद्धा अकरा वर्षं तळघरातच होतो.”