आतली कडी

"मला विचाराल, तर त्या शिपायाला भर चौकात जोड्याने मारलं पाहिजे!" औषधांच्या दुकानदाराने पुस्तक मांडीवर आपटलं. "बाहेर माणूस दार बडवतोय, आणि हा आतून कडी घालून गप्प उभा!"

वाचनालयाच्या वरच्या खोलीत सकाळी अकराला पंधरा-वीस वाचक जमले होते. समोर टेबलामागे टायपिंग क्लासच्या बाई बसल्या होत्या. नाटक त्यांचंच. चार वर्षांपूर्वी दोन बंदूकवाल्यांनी पोस्टात पाच अनोळखी माणसांना नऊ तास कोंडून ठेवलं होतं. रजिस्टर पत्र टाकायला गेलेल्या बाई त्या पाचांतल्या एक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाचांतले चार सुटले होते.

"मी तर वाचता वाचता दोनदा उठून आमच्या दाराची कडी बघून आले," निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आमचे हे म्हणतात, अगं, पुस्तकातले दरोडेखोर आपल्याकडे कशाला येतील?"

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांची नजर शेवटच्या रांगेत गेली.

तिथे तो बसला होता. पोस्टातला शिपाई. खराखुरा. केस पार पिकलेले, मांडीवर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक. त्या दिवसानंतर बाईंनी त्याला पाहिलं नव्हतं. आता हा उठणार आणि चारचौघांत बिंग फोडणार.

"बाई, पण शिपायाने खरंच तसं केलं होतं?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं.

"नाटक म्हटलं की थोडं इकडचं तिकडे होतंच." बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला. एक घोट घेऊन खाली ठेवला.

"आणखी कुणाला बोलायचंय?" ग्रंथपालांनी विचारलं.

शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली.

"मी बोलू का? मी तोच शिपाई."

दुकानदार आपल्या चपलांकडे बघू लागला.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हो," शिपाई त्याला म्हणाला. "मीही मनातल्या मनात स्वतःला तेच म्हणतो." मग तो बाईंकडे वळला. "बाई, बाहेर गोळ्या सुटल्या आणि आम्ही चौघं त्या कागदपत्रांच्या खोलीत एकमेकांच्या अंगावर पडत घुसलो. पाचवा तो चष्म्याच्या दुकानातला. तो मागे राहिला. आत अंधार. दाराशी मी होतो, पण कडी माझ्या हाताने लागली का, ते काही केल्या आठवत नाही. पोलिसांनी विचारलं, साहेबांनी विचारलं, लेकीने विचारलं. माझं एकच, आठवत नाही. मग तुमचं पुस्तक वाचलं. तुम्ही माझ्या शेजारीच होता. लिहिलंय म्हणजे पाहिलं असणार. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मीच लावली ना?"

तो भांडायला आला नव्हता. त्याने भांडण केलं असतं तर बाईंनी नाटकाची ढाल पुढे केली असती. हे त्याहून भयंकर होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर सुंठीवाचून खोकला गेला असता. तो मान हलवून निघून गेला असता, जन्मभरासाठी.

"नाही," बाई म्हणाल्या. "नाही. तुम्ही दार उघडायला हात पुढे केला होता. मी तो ढकलला. कडी मी घातली."

मुख्याध्यापिकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"बाई, हे नाटकातलं की..." ग्रंथपाल चाचरले.

"खरं."

शिपाई मटकन खाली बसला. आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिला, जणू ते त्याला आत्ताच परत मिळाले होते. बाई वाट बघत होत्या. आता ओरडेल, आता टेबल उलथवेल. तो उठला आणि टेबलापाशी आला. हलक्या आवाजात म्हणाला, "मग तो शेवटी काय म्हणत होता, ते तुम्हाला ऐकू आलं असेल. तुम्ही दाराला पाठ लावून उभ्या होता."

नाटकात तो माणूस नुसताच दार बडवतो. बोलत काहीच नाही.

"आलं," बाई म्हणाल्या.

"त्याची बायको मला भेटेल तिथे हेच विचारते. मी काय सांगणार? माझ्या कानांत नुसत्या गोळ्या. आज माझ्याबरोबर आलीय. खाली जिन्यात बसलीय. वर यायची हिंमत होत नाही म्हणाली."

बाई उठल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही, कुणी सोबतही आलं नाही. भिंतीला हात लावत त्या एकेक पायरी उतरू लागल्या. खालून तिसऱ्या पायरीवर एक बाई पाठमोरी बसली होती, कापडी पिशवी शेजारी ठेवून.

पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली. वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि भिंतीकडे सरकून तिने पायरीवर जागा करून दिली.