भाकसाच्या कडेची पट्टी

"मुरासेसान, आज माकूळ नको. भाकस घ्या," किनुए म्हणाली आणि तिने फळीवर पाणी मारलं.

"तुम्ही म्हणाल ते, मालकीणबाई." म्हातारा टोपी काढून काउंटरपलीकडे उभा होता. "पण भाकसच का?"

तो असं विचारायचा तेव्हा तिला बरं वाटायचं. ती सांगू लागली. थंडीत हा चपटा मासा अंगाने भरतो. साशिमीसाठी, म्हणजे कच्चे काप खायला, त्याच्यासारखा मासा नाही. मधलं मांस हवं तेवढं मिळतं, पण परांना लागून चारच चिंचोळ्या पट्ट्या असतात, त्यांची गोडी वेगळीच. बांगडा चांगला, पण तो लगेच उतरतो. सांगता सांगता तिची लांब सुरी चालत होती. एकेक काप असा पातळ, की खालच्या ताटलीची निळी नक्षी दिसावी.

"तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" त्याने विचारलं.

किनुएचा हात थांबला. "ही कडेची पट्टीच. आमचे हे होते तेव्हा एक तुकडा माझ्यासाठी बाजूला ठेवायचे."

मुरासेने हातातली टोपी दुमडली. मग म्हणाला, "कालची माकूळ काय खमंग होती!"

ती हसली. साशिमीला कुणी खमंग म्हणतं का? पण हा डोंगरातून आलेला माणूस, त्याला चवींची नावं कुठून ठाऊक असणार?

"आमच्या हिला इतकं नाजूक कापणं कधी जमलं नाही," डबा घेताना तो म्हणाला.

बायकोचा विषय निघाला, की तो एवढंच बोलायचा. किनुएने कधी खोदून विचारलं नाही. एकट्या माणसाला काय विचारायचं, काय नाही, हे तिला नवरा गेल्यापासून कळत होतं. बंदरावरची बाकीची माणसं आता मोठ्या दुकानातून बंद पाकिटातला मासा नेत. तिच्या दारात थांबून बोलणारा हा एकच.

त्या दुपारी ओसाकाहून लेकीचा फोन आला.

"आई, खोली कधीची तयार आहे. अजून कुणासाठी अडून बसलीयेस?"

"गिऱ्हाईक आहे गं."

"एक म्हातारा! तो काय उपाशी मरणार आहे?"

"उपाशी नाही मरणार," किनुए म्हणाली. "पण चिहो, तो बोलणार कुणाशी? यंदा नको. पुन्हा विचारूही नकोस."

चिहोने फोन आपटला. किनुएने फळी पुन्हा धुवून काढली. लेकीच्या घरी नातीच्या शेजारी झोपायचं तिच्याही मनात होतं.

दुसऱ्या दिवशी मुरासे आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. किनुएला राहवेना. तिने सगळ्यात चांगला भाकस काढला, कडेच्या चारही पट्ट्या ताटलीत मांडल्या आणि दुकानाला कुलूप लावून ती देवळामागचा चढ चढली. तो तिथे राहतो एवढंच तिला ठाऊक होतं. वाटेत तिला नको नको ते दिसत होतं. गार पडलेली खोली. अंथरुणात एकटा म्हातारा.

दार एका ठेंगण्या, गोऱ्या आजीबाईंनी उघडलं. आतून पोरांचा गलका येत होता. उंबऱ्याशी लहानमोठ्या बुटांचा ढीग पडला होता.

"मुरासेसान...?" किनुएने कसंबसं विचारलं.

"आमचे हे ना? सर्दीने पडलेत, नातवंडं उरावर नाचताहेत." आजीबाईंचं लक्ष ताटलीकडे गेलं. "अगं बाई, पुन्हा साशिमी! त्या मासळीवाल्या बाईंनी पाठवलं का तुम्हाला?"

किनुएने नुसती मान डोलावली.

"आमच्यात कच्चं कुणाच्याच घशाखाली उतरत नाही हो. मी रोज पिठात घोळवून तळते. मुलाने शहरात मोठं घर घेतलंय, सगळं सामान बांधून तयार आहे. पण हे ऐकतील तर ना! म्हणतात, त्या मासळीवालीची लेक तिला घेऊन जाईपर्यंत मी इथून हलणार नाही, त्या बिचारीशी बोलणारं दुसरं कुणी नाही."