टिंब

बोर्डावरचं टिंब सापडत नव्हतं, आणि दादाच्या मते ते शोधणं हे तिचंच काम होतं.

नवीन टॅटू स्टुडिओचं नाव 'रंग'. हातभर उंचीची काळी अक्षरं काल दारावर बसली, पण टिंबाची चकती वेगळी होती. तिच्यापुरता गोंद उरला नाही, उद्या तुम्हीच चिकटवा, असं सांगून बोर्डवाल्याने ती खोक्यात टाकली आणि तो गेला. आता अकराला उद्घाटन होतं, खोकं रिकामं होतं आणि रस्त्यावरून येणारा-जाणारा मान वर करून 'रग' असं वाचत होता.

"बघ जरा. तू आहेस ना," असं म्हणून दादा फोनला चिकटला.

तीन आठवडे तो हेच म्हणत होता, आणि ती होतीच. बेसिनचा नळ उलटा बसला तेव्हा ती होती. रंगाऱ्याने भिंतीबरोबर स्विचही रंगवून टाकले तेव्हा ती होती. सुया वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र आलं आणि त्या भिंतीला प्लगच नाही असं कळलं, तेव्हाही तीच होती. तिच्या नाकी नऊ आले होते. सख्ख्या भावाला एक ठेवून द्यावी असं तिला दिवसातून चारदा वाटत होतं.

ती गप्प राहिली ती त्याच्या एका वाक्यासाठी. 'नवीन स्टुडिओ तूच सांभाळायचास,' असं तो म्हणाला होता. जुन्या स्टुडिओत नऊ वर्षं तिने मागच्या खोलीत ट्यूबलाइटखाली लोकांच्या हातांवर रेघा ओढल्या होत्या. इथे तिने खिडकीजवळची जागा आधीच हेरून ठेवली होती. गिऱ्हाइकाची खुर्ची भिंतीकडे आणि आपलं स्टूल असं, की उजेड डावीकडून यावा.

त्या स्टुलावर आता दादाचा मेहुणा गोल गोल फिरत बसला होता. वहिनीचा हा धाकटा भाऊ तीन महिन्यांपूर्वी मशीन हातात धरायला शिकला होता, तेही सरावाच्या रबरी कातडीवर. ऊठ, असं तिने त्याला दोनदा सांगितलं. तो दोन्ही वेळा हसला.

पहिलं गिऱ्हाईक अकराच्या आधीच आलं. निवृत्त शाळामास्तरीण, साठीच्या पुढच्या. सगळे त्यांना बाईच म्हणत.

"अनुस्वार राहिलाय," बाई पायरीवरूनच म्हणाल्या. "रग झालंय."

रंगच आहे बाई, दादा घाईघाईने म्हणाला. लिहिलंय तेच मी वाचणार, असं म्हणून बाई आत आल्या.

त्यांना गेलेल्या बहिणीची सही मनगटावर हवी होती. जुन्या पोस्टकार्डावरची, केसाइतकी बारीक, शेवटी एक लांब शेपूट असलेली. बाईंनी आधीच आणून दिलेल्या त्या कार्डावरून तिने चार दिवस सही गिरवली होती. त्या शेपटात बहिणीचा सगळा स्वभाव आहे, असं बाईंनी सांगितल्यापासून तिची त्या सहीवर मायाच जडली होती. सुईने गिरवायचा छाप तिने कागदावरून दाबला, बाईंच्या मनगटावर जांभळी सही उठली. बाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि शेपटाशी पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.

छाप वाळेपर्यंत दादाने उद्घाटनाला जमलेल्या सगळ्यांना फोटोसाठी जवळ बोलावलं आणि जाहीर करून टाकलं की पहिलं काम मेहुणा करेल. तिने फक्त शाई भरून द्यायची.

ती फोटोच्या घोळक्यातून बाहेर आली.

"दादा, मी सांभाळायचं असं म्हणाला होतास."

"मग सांभाळतेसच की. तुझ्यावाचून पान हलतं का इथे?" त्याने आवाज खाली आणला. "त्या जागी कुणी बसायचं ते घरातलं बघून ठरवावं लागतं गं. तू समजून घेशील."

तिने फार समजून घेतलं होतं. नऊ वर्षं दुसरं केलं काय होतं?

मेहुण्याने हातमोजे चढवले आणि बाईंना खुर्ची दाखवली. "बसा, बिनधास्त बसा. सकाळी डुगडुगत होती, मीच पायाखाली चकती सरकवली. खोक्यात अगदी मापाची मिळाली."

सगळ्यांनी खाली पाहिलं. खुर्चीच्या मागच्या पायाखाली काळं, गोल, गुळगुळीत टिंब होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळपासून तिने कचऱ्याचा डबासुद्धा उपसला होता.

काढ ते आधी, दादा खेकसला. मेहुण्याने टिंब ओढून काढलं. बाई खुर्चीत टेकल्या तशी खुर्ची एका अंगाला कलली, आणि बाईंनी जांभळी सही असलेला हात पटकन छातीशी घेतला.

"ही रेघ कोण ओढणार आहे?" त्यांनी विचारलं. विचारलं सगळ्यांना, पण बघत होत्या त्या तिच्याकडे.

तिने मेहुण्याच्या हातातून टिंब घेतलं. दादा लगबगीने शिडी आणायला वळला. ती मात्र खाली बसली, बाईंना जरा उठायला सांगून तिने टिंब होतं तिथेच पायाखाली सरकवलं आणि खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली. खुर्ची हलली नाही. मग हात धुऊन तिने नवे मोजे घातले, मेहुण्याला खांद्याला धरून बाजूला केलं आणि स्टूल पुढे ओढून ती बसली.

शिडी काखेत धरून दादा दारात उभा होता.

"अगं, लोक रग वाचतील."

"वाचू देत," ती म्हणाली. "आहेच ती अंगात." आणि तिने मशीनच्या पेडलवर पाय ठेवला.