बाराव्या सेकंदापासून

"बाराव्या सेकंदापासून मागे कुणी बाई गुणगुणते आहे. सॉफ्टवेअरवर मोजलं, स्वर सतत उतरलेला आहे. मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्यांचा ताल छान जमलाय. बाईंना तेवढं काढून टाका."

अशी प्रतिक्रिया लिहून मी दहापैकी दोन गुण दिले. घरगुती आवाजांतून संगीत करणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपचा नियमच होता: नाव लपवायचं, नुसतं कौतुक टाळायचं, चूक सेकंदासह सांगायची. तो तुकडा मी सहा वेळा ऐकला होता.

दोन दिवसांनी सुधारलेला तुकडा आला. गुणगुणणं गेलं होतं. त्याखाली दबलेली हाक आता स्वच्छ ऐकू आली, "आई, डबा झाला का?"

आवाज माझा होता.

मी स्वयंपाकघरात गेले. आई गप्प राहून पोळ्या लाटत होती.

"आज गाणं नाही?"

"बेसूर आहे गं मी. तुझ्या त्या ग्रुपवर टाकलं होतं. एकानं मोजूनच दाखवलं."

"कोण तो दीडशहाणा?" मी विचारलं.

"असं बोलू नये. इतक्या बारकाईनं माझं गाणं आजवर कुणी ऐकलं होतं?"